झूम केल्यावर फोकस जातो? आधी कुठल्या टोकाला जातो ते बघा

प्रश्न : मी लग्नं, बारशी आणि शाळांची स्नेहसंमेलनं शूट करतो. माझ्याकडे एक इंची सेन्सरचा, बारा पट झूमचा कॅमकॉर्डर आहे. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या चेहऱ्यावर झूम इन केलं की चेहरा सॉफ्ट येतो आणि मागची फुलांची सजावट लख्ख दिसते. म्हणून एक जुना, खांद्यावर घ्यायचा कॅमेरा घेतला. त्याची लेन्स काढता येते. त्यात बरोबर उलटं होतं. टेलीला, म्हणजे पूर्ण झूम इन केल्यावर, चेहरा अगदी शार्प असतो, पण मागे वाइडला, म्हणजे झूम पूर्ण मागे घेऊन, आलं की सगळा हॉल मऊ दिसतो. तेही रात्रीच, दिवसा उन्हात तक्रार नाही. भावाच्या मिररलेस कॅमेऱ्यावर तर झूमची रिंग हलवली की फोकस गेलाच. लेन्स बदला, असा सल्ला मिळतोय. खरंच बदलावी का? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर :

नमस्कार. लेन्ससाठी पैसे घालण्याची घाई करू नका. तुमच्या पत्रात कॅमेरे तीन आहेत आणि दोषही तीन आहेत. ‘झूम केलं की फोकस जातो’ असं सगळ्यांना एकच नाव दिल्यामुळे उपाय सापडत नाहीये. अशा वेळी पहिला प्रश्न एकच विचारायचा : चित्र टेलीला बिघडतं की वाइडला? टेलीला बिघडत असेल तर बहुतेक वेळा फोकस चुकीच्या अंतरावर लागलेला असतो, आणि तो चालवणाऱ्याच्या हातात आहे. टेलीला नीट लावलेला फोकस वाइडला आल्यावर मऊ पडत असेल, तर लेन्स आणि सेन्सर यांच्यामधलं अंतर बिघडलेलं असतं. ते कितीही काळजीपूर्वक शूट केलं तरी सुधारणार नाही, पण स्क्रू सैल करून अर्ध्या तासात जुळवता येतं.

आधी कॅमकॉर्डर घेऊ. बारा पट झूमच्या एक इंची कॅमेऱ्यांत लेन्स बहुधा ९ ते ११२ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि आयरिस, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, वाइडला एफ २.८ तर टेलीला एफ ४.५ पर्यंतच उघडते (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान). वाइडला अडीच-तीन मीटरवर फोकस ठेवला तर साधारण दीड मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं शार्प दिसतं. म्हणजे फोकस चार मीटरवर असो की आठ, वाइडच्या फ्रेममध्ये फरक कळतच नाही. आता तिथूनच नवरीच्या चेहऱ्यावर पूर्ण झूम करा. ती पाच मीटरवर असेल तर फुल एचडीत शार्प दिसणारा पट्टा जेमतेम २० सेंटिमीटरचा उरतो. फोर-केमध्ये शूट करून मोठ्या पडद्यावर बघणार असाल तर त्याच्याही निम्मा धरा. वाइडला असताना फोकस एक मीटर मागे, फुलांच्या सजावटीवर बसलेला होता. चूक तेव्हाही होती, टेलीने ती फक्त दाखवली.

इथे आणखी एक गोष्ट घडते आणि ती फार थोडे जण सांगतात. तुमच्या कॅमकॉर्डरच्या लेन्समध्ये झूमच्या काचांचा गट वेगळा सरकतो आणि फोकसचा वेगळा. दोन्ही मोटारवर चालतात. झूम बदलला की फोकसची काच किती सरकवायची, याचं कोष्टक कॅमेऱ्याच्या आत साठवलेलं असतं, प्रत्येक अंतरासाठी वेगळं. वाइडच्या टोकाला हे सगळे मार्ग एका फाट्यावर एकत्र आलेल्या वाटांसारखे अगदी चिकटून असतात, टेलीकडे जाताना फाकत जातात. त्यामुळे वाइडवरून निघताना माणूस तीन मीटरवर आहे की सहा, हे कॅमेऱ्याला नक्की ठरवता येत नाही आणि तो चुकीची वाट धरू शकतो. टेलीवरून वाइडकडे येताना मात्र सुरुवातच एका ठरलेल्या वाटेवर होते, तिथे ही अडचण येत नाही. टेलीला फोकस लावून मगच मागे या, असं जुने कॅमेरामन सांगतात त्याला हे दोन्ही आधार आहेत.

तर क्रम असा ठेवा. नवरा-नवरी जागेवर उभे राहिले की रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी नवरीच्या डोळ्यांवर पूर्ण झूम इन करा. फोकस मॅन्युअलवर टाका. पुश ऑटो नावाचं बटण असेल तर ते दाबून धरा आणि चित्र स्थिर झालं की सोडा. नसेल तर पडद्यावर चित्र मोठं करून दाखवणारा फोकस मॅग्निफायर लावून हाताने रिंग फिरवा : शार्प होईपर्यंत, मग थोडं पुढे, मग परत. शार्प जागा ओलांडल्याशिवाय ती नेमकी कुठे होती हे डोळ्याला कळत नाही. मग रिंगला हात न लावता वाइडला या, फ्रेम लावा, रेकॉर्डिंग सुरू करा. आता हव्या त्या क्षणी झूम इन केलं तरी फोकस तिथेच सापडेल. अट एकच, ती आणि कॅमेरा यांच्यातलं अंतर बदलता कामा नये. नवरी अर्धं पाऊल पुढे सरकली तर तो २० सेंटिमीटरचा पट्टा संपला, म्हणून झूम इनच्या शेवटी डावा हात रिंगवर तयार असावा. रिंग कुठल्या दिशेला फिरवली की फोकस जवळ येतो हे बोटांना पाठ हवं. चुकीच्या दिशेने फिरलेली रिंग शॉटमध्ये फार खुपते.

ऑटो फोकसवरच राहायचं म्हणाल, तर लग्नाचा विधी त्याच्यासाठी अवघड आहे. अंतरपाट मध्ये असेपर्यंत कॅमेऱ्याला तोच सर्वांत जवळचा आणि उठावदार वाटतो, विशेषतः त्यावर स्वस्तिक काढलेलं असेल तर. तो खाली गेला की कॅमेरा नव्याने शोध सुरू करतो, आणि त्याच वेळी अक्षता पडत असतात. हवेत उडणारे दाणे, कॅमेऱ्यासमोरून जाणारे हात, होमाचा धूर हे सगळं त्याला फोकस लावण्याजोगं दिसतं. चेहरा ओळखण्याची सोय असलेले कॅमेरे बरेच बरे, पण दोन्ही बाजूंनी हात मध्ये आले की तेही चुकतात. म्हणून ‘शुभमंगल सावधान’ व्हायच्या आधीच मॅन्युअलवर जा. बहुतेक कॅमकॉर्डरमध्ये ऑटो-मॅन्युअल बदलण्याचं काम एखाद्या असाइन बटणाला देता येतं. ते अंगठ्याखालच्या बटणाला द्या. मिरवणूक, वरात, गृहप्रवेश इथे माणसं सतत चालत असतात. तिथे ऑटो फोकस जरूर वापरा, फक्त मेनूत फोकसचा वेग मध्यम आणि विषय बदलण्याची संवेदनशीलता कमी ठेवा, म्हणजे मध्येच कोणी आडवं गेलं तरी कॅमेरा लगेच त्याच्यामागे धावणार नाही.

आयरिसचाही यात वाटा आहे. वाइडला एफ २.८ असलेली लेन्स झूम करताना एफ ४.५ वर येते, म्हणजे सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश सुमारे अडीच पटीने घटतो. सगळं ऑटोवर असेल तर कॅमेरा तो तोटा गेन, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलची ताकद, वाढवून भरून काढतो. गेन वाढला की चित्रातले दाणे (नॉइज) वाढतात आणि त्या दाण्यांमध्ये ऑटो फोकसला कडा सापडत नाहीत. मग तो मागेपुढे हंट करत राहतो. उपाय सोपा आहे : वाइडला असतानाच आयरिस एफ ४.५ वर बांधून टाका आणि त्या आयरिसला पुरेल एवढा उजेड चेहऱ्यावर आणा. झूमभर एक्स्पोजर सारखं राहील आणि फोकसलाही आधार मिळेल. मात्र ‘आयरिस बंद केली की सगळं शार्प’ म्हणून एफ ११ किंवा एफ १६ वर जाऊ नका. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि लहान सेन्सरवर सगळं चित्रच एकसारखं मऊ होतं. एक इंची फोर-के कॅमेऱ्यावर एफ ४ ते एफ ५.६ ही उत्तम जागा, एफ ८ ही शेवटची मर्यादा. उन्हात त्यापुढे जावंसं वाटलं तर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर टाका.

झूमचा वेग हाही फोकसचाच भाग आहे. रॉकर, म्हणजे झूमचं बटण, पूर्ण दाबून सर्रकन् झूम केला तर फोकसची मोटार कधीकधी मागे पडते आणि मधला अर्धा-एक सेकंद मऊ जातो. वाइडपासून टेलीपर्यंत पाच-सहा सेकंद तरी घ्या. हँडलवरच्या झूम बटणाचा वेग मेनूत कायमचा कमी करून ठेवता येतो.

आता खांद्यावरचा कॅमेरा. टेलीला शार्प, वाइडला मऊ, दिवसा ठीक, रात्री बिघाड ही लक्षणं वाचूनच आमचं बोट बॅक फोकसवर, म्हणजे लेन्स आणि सेन्सर यांच्यामधल्या त्या अंतरावर, जातं. दोन तृतीयांश इंची सेन्सरच्या कॅमेऱ्यांना बी-४ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा) लेन्स लागतात. त्या टेलीला लावलेला फोकस वाइडपर्यंत टिकवण्यासाठीच बनवलेल्या असतात, पण त्यासाठी लेन्सच्या मागच्या गटाचं सेन्सरपासूनचं अंतर तंतोतंत हवं. त्यात मिलिमीटरचा विसावा भाग, म्हणजे ०.०५ मिलिमीटर फरक पडला असं धरा. मग एफ १.८ ला चित्रातल्या एका बिंदूचा पसरून सुमारे २८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका होतो. या सेन्सरवर एचडी चित्रात ११ मायक्रॉनपर्यंतचा ठिपका डोळा खपवून घेतो. तीच लेन्स उन्हात एफ ५.६ ला बंद झाली की ठिपका ९ मायक्रॉनवर येतो आणि दोष झाकला जातो. म्हणून तुम्हाला तो फक्त रात्रीच्या कार्यक्रमात दिसतो. टेलीला तो का दिसत नाही? तिथे तुम्ही पुढची फोकस रिंग किंचित फिरवून नकळत भरपाई करता. पण ती भरपाई फक्त टेलीपुरती पुरते. वाइडला पुढची रिंग तेवढीच फिरलेली असून तिचा परिणाम नगण्य असतो, आणि मूळ फरक उघडा पडतो.

जुळवायच्या आधी तीन गोष्टी तपासा. माउंटची लॉक रिंग पूर्ण आवळलेली आहे का? लेन्सच्या मागच्या बाजूला मॅक्रोची रिंग असते, ती सरकून मॅक्रोकडे तर गेलेली नाही ना? बॅगेतून काढताना ती हमखास हलते आणि अगदी याच तक्रारी सुरू होतात. आणि झूम दुप्पट करणारा एक्स्टेंडर असेल तर तो एक पटीवर आहे ना? यातलंच काही निघालं तर पुढची सगळी मेहनत वाचली.

मग जुळवणी. मध्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पाकळ्यांचा गोल चार्ट लागतो, त्याला सिमेन्स स्टार म्हणतात. ए-४ कागदावर छापला तर टेलीला उत्तम दिसतो, पण ३ मीटरवरून पूर्ण वाइडला तो फ्रेमच्या रुंदीच्या सतराव्या भागाएवढा होतो आणि तिथेच तर आपल्याला नेमकं बघायचं असतं. म्हणून ए-२ आकाराचा, चांगल्या कागदावर छापून घ्या. फ्लेक्सवर नको, त्याच्या छपाईचे ठिपके कडा खातात. कॅमेरा सुरू करून दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, ट्रायपॉडवर घट्ट बसवा आणि चार्ट लेन्सच्या उंचीवर साधारण ३ मीटरवर लावा. लेन्सच्या पुस्तिकेत वेगळं अंतर दिलं असेल तर ते पाळा.

आयरिस मॅन्युअलवर घेऊन पूर्ण उघडा. ही पायरी चुकवली तर बाकीची मेहनत फुकट, कारण बंद आयरिस दोषच लपवते. चित्र जळत असेल तर खोलीतला उजेड कमी करा, त्याने भागलं नाही तर शटरचा वेग वाढवा. आता पूर्ण टेलीला जाऊन पुढच्या फोकस रिंगने चार्टचा मध्य शार्प करा. मग पूर्ण वाइडला या. पुढच्या रिंगला हात लावायचा नाही. लेन्सच्या मागच्या टोकाला ‘एफ एफ’ किंवा ‘एफ बी’ अशी इंग्रजी अक्षरं असलेली रिंग आणि तिचा छोटा स्क्रू असतो. स्क्रू सैल करून ती रिंग अगदी थोडी इकडे-तिकडे फिरवा आणि चार्टच्या मध्यात पाकळ्या एकमेकींत मिसळून दिसणारा करडा गोळा सर्वांत लहान होईल तिथे थांबा. परत टेली, परत पुढची रिंग. परत वाइड, परत मागची रिंग. तीन-चार फेऱ्यांनंतर कुठेच काही हलवावं लागत नाही, तेव्हा स्क्रू आवळा. आवळल्यावर पुन्हा एकदा दोन्ही टोकं बघा, कारण आवळताना रिंग केसभर सरकते आणि एवढा सरकाव पुरेसा असतो. हे सगळं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर न करता मोठ्या एचडी मॉनिटरवर किंवा टीव्हीला जोडून करा. तिथे जे नीट दिसेल तेच नीट.

जुळवलेला बॅक फोकस कायमचा नसतो. लेन्स काढून परत लावली, गाडीत खूप धक्के बसले, थंडीच्या पहाटे किंवा कडक उन्हात काम असलं, की निघण्यापूर्वी दोन्ही टोकांची झटपट तपासणी करून घ्या. लेन्स न निघणाऱ्या काही कॅमकॉर्डरमध्ये हीच जुळवणी मेनूतून आपोआप होते, त्याला फ्लँज बॅक अॅडजस्ट म्हणतात. तुमच्या कॅमकॉर्डरच्या मेनूत ती आहे का, तेही एकदा पाहा.

मिररलेसमध्ये बिघाड काहीच नाही. फोटोसाठी बनवलेल्या बहुतेक झूम लेन्स झूम बदलल्यावर फोकस टिकवतीलच असं बंधन पाळत नाहीत. फोटो काढणारा प्रत्येक वेळी नव्याने फोकस लावतो, त्यामुळे लेन्स लहान, हलकी आणि स्वस्त ठेवण्यासाठी हा गुण सोडून दिलेला असतो. टेलीला फोकस लावून मागे येण्याची युक्ती इथे चालेलच असं नाही. त्या कॅमेऱ्यावर शॉटच्या आत झूम करूच नका : फ्रेम बदला, फोकस लावा, मग रेकॉर्ड करा. सेन्सर फुल फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या फोटोएवढा मोठा) असेल तर पट्टा फारच अरुंद होतो. २०० मिलिमीटर, एफ २.८, चार मीटरवर नवरी असताना एकूण सहा-सात सेंटिमीटर. एवढ्यात फोकस मुंडावळ्यांवर बसला तर डोळे मऊ दिसू लागतात. तिथे एफ ४ किंवा ५.६ ला जा. झूमची भावना हवीच असेल तर फोर-केमध्ये स्थिर शॉट घ्या आणि एडिटमध्ये फुल एचडीच्या टाइमलाइनवर दुपटीपर्यंत आत जा. फोकसचा प्रश्नच येत नाही. व्हिडिओसाठीच बनवलेल्या, फोकस टिकवणाऱ्या झूम लेन्स आहेत : सोनीची २८-१३५ एफ ४, त्याहून लहान सुपर ३५ सेन्सरसाठी सोनीचीच १८-११० एफ ४, फुजिनॉनची एमके १८-५५ टी २.९. पण त्या महाग आणि जड आहेत. लग्नाच्या कामासाठी आधी भाड्याने घेऊन पाहा, मगच विचार करा.

फोकससारखे दिसणारे पण फोकसचे नसलेले दोषही आहेत, ते वेळ फार खातात. डिजिटल झूम चालू असेल तर ऑप्टिकल झूम संपल्यावर चित्र नुसतं ताणलं जातं, तो मेनूत बंद करा. पुढे स्क्रूने बसवायचा वाइड अडॅप्टर असेल तर तो काढून बघा. असे कित्येक अडॅप्टर फक्त वाइडच्या बाजूलाच चालतात, टेलीला गेलं की फोकस मिळतच नाही. स्वस्त यूव्ही फिल्टरही वाइडला निर्दोष वाटतो आणि टेलीला सगळं दुधाळ करतो. पावसाळ्यात एसी गाडीतून थेट दमट हॉलमध्ये कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते. कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवा, फडक्याने पुसत बसू नका. टेलीला हातात धरून काढलेला शॉट हलल्यामुळेही सॉफ्ट दिसतो. एक फ्रेम थांबवून बघा : कडा एकाच दिशेने पसरलेल्या असतील तर हात हललाय, सगळीकडे सारख्या पसरल्या असतील तर फोकस गेलाय. आणि किमान अंतर विसरू नका. कॅमकॉर्डर वाइडला काचेपासून एखाद्या सेंटिमीटरवरही फोकस करतो, पण पूर्ण टेलीला त्याला मीटरभर अंतर लागतं. मेंदीच्या हातांवर जवळून झूम केला तर तो कधीच शार्प होणार नाही. तिथे झूम मागे घेऊन कॅमेराच पुढे न्यायचा.

एवढं करूनही खांद्यावरच्या कॅमेऱ्याची मागची रिंग तिच्या शेवटच्या टोकाला टेकली आणि वाइड तरीही शार्प होत नसेल, किंवा मध्य शार्प आणि फ्रेमची एकच बाजू मऊ येत असेल, तर मात्र आतली काच किंवा माउंट हललेलं आहे. ते घरी उघडू नका. दुरुस्तीला देताना आयरिस पूर्ण उघडी ठेवून चार्टवर टेली ते वाइड आणि वाइड ते टेली असे दोन सलग शॉट काढा आणि कार्डावर सोबत द्या. कुठल्या झूमला, कुठल्या बाजूला, किती बिघडतं हे त्यात दिसेल, आणि कारागिराला अंदाजाने लेन्स उघडावी लागणार नाही.